‘देवदारी’ खोक्याची फळी

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघाले की सुमारे २५-३० किलोमीटरवर फुलंब्री हे तालुक्याचे गाव लागते. अशा गावातल्या एखाद्या सुताराच्या दुकानापाशी आपण क्षणभर उभे राहू या. एका बाजूला बाभळीचे ओंडके पडलेले असतात. गाडीचे आरे, वखर, तिफण यांसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच लाकूड वापरले गेले. दुसऱ्या बाजूला दाराच्या चौकटीसाठी सागाच्या फळ्या नीट रचून ठेवलेल्या असतात. आणि कोपऱ्यात, उन्हापावसात, काही पांढुरक्या, हलक्या फळ्या टाकून दिलेल्या दिसतात. परदेशातून कारखान्यांत यंत्रे येतात, त्यांच्या खोक्यांच्या या फळ्या. खोकी भंगारात विकली जातात आणि फिरत फिरत गावापर्यंत पोहोचतात.

“हे कोणते लाकूड?” असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : “देवदारी आहे. त्यात काही दम नाही. कोंबड्यांचे खुराडे करायला बरे.”

या उत्तरात दोन चुका आहेत. पहिली नावाची. खरा देवदार हा हिमालयातील सुगंधी, तेलकट लाकडाचा वृक्ष. त्याचे लाकूड टिकाऊ असते आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. खोक्याची फळी बहुधा पाइनची किंवा स्प्रूसची असते. ही झाडे देवदाराची नातलग खरी, पण गुणांनी वेगळी. आपल्या बाजारात मात्र खोक्याच्या सगळ्याच पांढऱ्या लाकडाला ‘देवदारी’ म्हणण्याची रीत पडली आहे.

दुसरी चूक ‘दम नाही’ या शब्दांत आहे. ज्या स्प्रूसला आपण खुराड्याच्या लायकीचे ठरवितो, त्याच लाकडाच्या आधाराने माणूस पहिल्यांदा यंत्राने हवेत उडाला आणि त्याच लाकडातून व्हायोलिन गाते. हे कसे, ते आता पाहू.

बर्फातले झाड

स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष आहे. त्याची पाने सुईसारखी असतात आणि झाडाचा आकार शंकूसारखा, वर निमुळता असतो. स्प्रूसच्या सुमारे ३५ जाती आहेत आणि त्या सर्व उत्तर गोलार्धातच आढळतात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया आणि कॅनडा येथील विस्तीर्ण अरण्यांत हे झाड मुबलक आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘सिट्का’ जातीची काही झाडे ९० मीटरहून उंच वाढली आहेत. आपल्या देशातही स्प्रूस आहे. पश्चिम हिमालयात साधारण २१०० ते ३६०० मीटर उंचीच्या पट्ट्यात त्याची एक जात वाढते. हिमाचल प्रदेशात तिला ‘राई’ म्हणतात.

उत्तरेकडील थंड प्रदेशात वर्षाचे सहा-सात महिने कडाक्याची थंडी असते. तेवढा काळ झाडाची वाढ थांबते. वसंतात बर्फ वितळले की वाढ सुरू होते. या वेळी तयार होणाऱ्या पेशींच्या भिंती पातळ आणि पोकळी मोठी असते. उन्हाळा सरत आला की जाड भिंतींच्या, अरुंद पेशी तयार होतात. मग पुन्हा विश्रांती. फळीच्या टोकाशी पाहिले तर एक फिकट आणि एक गडद पट्टा, अशी जोडी वारंवार दिसते. एक जोडी म्हणजे झाडाचे एक वर्ष. यालाच वार्षिक वलय म्हणतात. थंडी जितकी कडक आणि उन्हाळा जितका लहान, तितकी ही वलये सहसा अरुंद असतात.

आपल्या सागालाही वलये असतात, हे तुम्ही पाहिले असेल. पण आपल्याकडे वाढ थांबते ती बर्फामुळे नव्हे, तर कोरड्या ऋतूत पाणी तुटल्यामुळे. झाड एक, ऋतू वेगळे. पण प्रत्येक झाड आपली रोजनिशी लाकडातच लिहून ठेवते.

नळ्यांची मोळी

स्प्रूसच्या लाकडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर काय दिसेल? लांबट, पोकळ नळ्या एकीला एक चिकटून उभ्या असाव्यात, तसे दृश्य दिसते. या पेशींना ‘ट्रॅकीड’ म्हणतात. एकेक पेशी साधारण ३ ते ४ मिलिमीटर लांब असते आणि तिची रुंदी मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांइतकीच असते. म्हणजे लांबी रुंदीच्या सुमारे शंभरपट! स्प्रूसच्या लाकडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग याच पेशींचा बनलेला असतो. पाणी वर चढविणे आणि झाडाला उभे धरणे ही दोन्ही कामे त्यांनाच करावी लागतात.

साग किंवा बाभूळ यांच्या लाकडात कामाची वाटणी असते. पाणी नेण्यासाठी रुंद वाहिन्या वेगळ्या आणि आधारासाठी जाड भिंतींचे तंतू वेगळे. म्हणून ते लाकूड जड असते. पूर्ण वाळलेल्या लाकडाचे एका घनमीटरचे वजन साधारणपणे असे भरते : स्प्रूस ४३० किलो, साग ६५० किलो, बाभूळ ८०० किलो. झाडाझाडांत थोडा फरक पडतो, पण अंदाज यावरून येतो.

उसाच्या चिपाडांची मोळी घट्ट बांधली तर ती उभ्या दिशेने किती ताठ राहते, ते आठवा. चिपाड हलके असते, पण तंतू सरळ आणि एका दिशेने असल्यामुळे मोळी सहज वाकत नाही. स्प्रूसच्या लाकडाचे रहस्य काहीसे असेच आहे.

हलके म्हणजे कमकुवत?

येथे तीन गुणांत गल्लत होऊ देऊ नका. घनता म्हणजे ठरावीक घनफळाचे वजन. कठीणपणा म्हणजे पृष्ठभागावर खळगा किंवा ओरखडा न पडू देण्याचा गुण. ताठपणा म्हणजे भार आला असता कमीत कमी वाकण्याचा गुण. स्प्रूस कठीण मुळीच नाही. नखाने दाबले तरी त्यावर वळ उमटतो. सुतार ‘दम नाही’ म्हणतो तो यामुळे. पण ताठपणाचा हिशेब वेगळा आहे. तो आपण करून पाहू.

एक मीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या घ्या. एक पोलादाची, जाडी १ मिलिमीटर. दुसरी स्प्रूसची, पण वजन पोलादी पट्टीइतकेच. पोलाद स्प्रूसच्या सुमारे १८ पट जड आहे. म्हणून स्प्रूसची पट्टी १८ मिलिमीटर जाड करता येईल. दोन्ही पट्ट्यांचे वजन सुमारे ३९० ग्रॅम भरेल. आता दोन्ही पट्ट्या दोन विटांवर आडव्या ठेवा आणि मधोमध दाबा. कोणती अधिक वाकेल?

पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी १८ पट झाली तर विरोध १८ × १८ × १८, म्हणजे ५८३२ पट होतो. पण पदार्थ म्हणून पोलाद स्प्रूसच्या सुमारे २० पट ताठ आहे. तेव्हा ५८३२ ला २० ने भागा. उत्तर सुमारे २९० येते. याचा अर्थ, सारख्या वजनाची, लांबीची आणि रुंदीची स्प्रूसची पट्टी पोलादी पट्टीपेक्षा सुमारे २९० पट कमी वाकेल! पोलादाची जागा पुलावर आहे, तिथे ती स्प्रूसला मिळणार नाही. पण ग्रॅम-ग्रॅम वजन वाचवावयाचे असेल आणि जागेची अडचण नसेल, तर हे ‘दम नसलेले’ लाकूड पोलादालाही मागे टाकते.

ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या बंधूंना नेमके हेच हवे होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांच्या विमानाने १२ सेकंदांत सुमारे ३७ मीटरचे पहिले उड्डाण केले. त्या विमानाच्या पंखांचे लांब, सरळ दांडे स्प्रूसचे होते. जिथे वळणदार भाग हवे होते तिथे त्यांनी ‘ॲश’ वृक्षाचे लाकूड वापरले. एकाच लाकडाचा हट्ट त्यांनी धरला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे पहिल्या महायुद्धात विमानांसाठी स्प्रूसची मागणी इतकी वाढली, की १९१७ साली अमेरिकेने ते तोडून आणण्यासाठी सैन्याचा एक स्वतंत्र विभागच जंगलात उतरविला.

नावाची गंमत येथेही आहे. २ नोव्हेंबर १९४७ रोजी अमेरिकेत ९७ मीटरहून अधिक लांब पंखांचे एक प्रचंड लाकडी विमान एकदाच आणि थोडेच अंतर उडाले. लोकांनी त्याला ‘स्प्रूसचा हंस’ असे नाव थट्टेने दिले. प्रत्यक्षात ते बहुतांशी बर्च या झाडाच्या लाकडाचे होते. तेव्हा लाकडाच्या नावाने फसणारे केवळ आपणच नाही!

गाणारी पाटी

मराठी भावगीते व्हायोलिनवर ऐकली आहेत का? प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांचे वादन ‘गाणारे व्हायोलिन’ या नावाने घरोघरी पोहोचले. व्हायोलिनचा गज तारेवर फिरतो. पण नुसत्या तारेचा आवाज फार क्षीण असतो. तारेखालच्या घोडीतून कंपने वरच्या पाटीत उतरतात. पाटी थरथरते, भोवतालची हवा हलविते आणि मग सूर घरभर ऐकू येतो. ही वरची पाटी जवळजवळ नेहमी स्प्रूसची असते. मागची पाटी असते मेपल या अधिक जड लाकडाची.

पाटीला दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात. ती इतकी हलकी हवी की बारीक कंपनानेही हलावी. त्याच वेळी ती इतकी ताठ हवी की तारांच्या ताणाने दबू नये. चार तारांचा एकूण ताण २० ते २५ किलो वजनाइतका असतो. पाटीची जाडी मात्र अवघी तीन मिलिमीटरच्या आसपास! हलके आणि ताठ हा संयोग येथे पुन्हा उपयोगी पडतो. स्प्रूसमध्ये तंतूंच्या दिशेने ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो. हवेत हाच वेग सुमारे ३४० मीटर असतो. तंतूंच्या आडव्या दिशेने मात्र स्प्रूसमधला वेग जवळजवळ चौथाईवर येतो. म्हणून कारागीर फळी कोणत्या दिशेने कापावी याचा फार काटेकोर विचार करतो.

इटलीतील क्रेमोना गावच्या आंतोनिओ स्त्रादिव्हारी (मृत्यू १७३७) या कारागिराची व्हायोलिने जगप्रसिद्ध आहेत. त्याच्या काळात युरोपात थंडी अधिक होती, त्यामुळे आल्प्स पर्वतातील स्प्रूसची वलये अरुंद झाली आणि म्हणून त्याची वाद्ये मधुर वाजतात, असा तर्क २००३ साली मांडला गेला. तर्क आकर्षक आहे. पण तो सिद्ध झालेला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २१ वादकांना, ओळख पटू नये अशी व्यवस्था करून, जुनी आणि नवी व्हायोलिने वाजवावयास दिली. जुने कोणते आणि नवे कोणते, हे त्यांना खात्रीने सांगता आले नाही. मोठे नाव ऐकून मत बनविण्यापूर्वी तपासून पाहावे, हा धडा यातून घ्यावा.

आणि आपले मिरजेचे कारागीर? त्यांच्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते भोपळ्यावरच्या तबलीसाठी परंपरेने तून वृक्षाचे लाकूड निवडतात. तंबोऱ्याचा घुमारा हवा असेल तर त्यांची निवड वेगळी असणार, हे उघड आहे.

तुमच्या शेतावरचे स्प्रूस

‘हे सर्व परदेशातले झाले’, असे म्हणू नका. १८४४ साली कॅनडातील चार्ल्स फेनर्टी याने स्प्रूसच्या लाकडाच्या लगद्यापासून कागद तयार करून दाखविला. तोवर कागद मुख्यत्वे चिंध्यांपासून होत असे. सूचिपर्णी झाडांच्या लांब पेशी एकमेकींत चांगल्या गुंततात, म्हणून तो कागद चिवट होतो. साग-निलगिरीसारख्या झाडांचे तंतू एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बरेच आखूड असतात. आपल्याकडे स्प्रूसची अरण्ये नाहीत, म्हणून बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगर येथे १९५० नंतरच्या दशकात वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना उभा राहिला, तेव्हा सालई आणि बांबू यांचा उपयोग करण्यात आला.

तुमच्या विहिरीवरची मोटर ज्या रोहित्रावर चालते, ज्याला गावात ‘डीपी’ म्हणतात, त्याच्या पोटातही असा कागद असतो. तारेच्या वेटोळ्यांमध्ये विद्युतरोधक म्हणून तेलात भिजलेला चिवट कागद घालतात. तो बहुधा थंड प्रदेशांतील सूचिपर्णी लाकडाच्या लगद्याचा असतो. रोहित्रावर प्रमाणाबाहेर भार पडला की ते तापते आणि कागद झपाट्याने ठिसूळ होतो. कागद फाटला की वेटोळी एकमेकांना भिडतात आणि मग ऐन हंगामात डीपी जळते. आकडे टाकून घेतलेल्या विजेचा भार शेवटी त्या कागदावर पडतो, हे विसरू नका.

दोषही जाणून घ्या

स्प्रूसचे गुण गायिले, आता दोष पाहू. हे लाकूड ओलाव्यात लवकर कुजते आणि वाळवीला फार आवडते. कुंपणाचा खांब म्हणून फुलंब्रीच्या जमिनीत रोवले तर ते फार काळ टिकणार नाही. औषध पाजावे म्हटले तर तेही आत नीट शिरत नाही; कारण लाकूड वाळताना पेशींमधील बारीक झडपा बंद होतात. उलट, कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतातील सागाच्या फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या आहेत. दारासाठी सागच का, हे सुताराला वेगळे सांगावे लागत नाही.

खोक्याच्या फळीवर गव्हाच्या ओंबीसारखे एक चिन्ह आणि रोमन लिपीतील ‘एच’, ‘टी’ ही अक्षरे अनेकदा आढळतात. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार असे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमानाला किमान ३० मिनिटे तापवितात. लाकडाबरोबर एका देशातील किडी दुसऱ्या देशात जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. मात्र या तापविण्याने आतल्या किडी मरतात. नंतर बाहेरून येणारी वाळवी अडत नाही. ‘एम’, ‘बी’ अशी अक्षरे असतील तर ते लाकूड विषारी वायूने धुरावलेले असते. ते जाळू नका आणि प्रयोगालाही घेऊ नका.

आपल्याकडे लावावे का?

इतके उपयोगी झाड मराठवाड्यात का लावू नये, असे तुमच्या मनात आले असेल. उत्तर सरळ आहे. एप्रिल-मेमधील चाळीस अंशांवरचे ऊन आणि कोरडी जमीन त्याला सोसवणार नाही. युरोपने याचा अनुभव घेतला आहे. तेथे लवकर लाकूड मिळावे म्हणून सखल, उबदार भागांतही स्प्रूसच्या सलग लागवडी केल्या गेल्या. २०१८ पासून काही उन्हाळे फार कोरडे गेले. निरोगी झाड सालीत शिरणाऱ्या भुंग्यांना डिंकासारख्या राळेने बुडवून मारते. तहानलेल्या झाडांना राळ पुरेना. भुंगे मातले आणि जर्मनीच्या हार्झ पर्वतावरचे डोंगरच्या डोंगर करडे, वठलेले दिसू लागले. झाड उत्तम होते. जागा आणि एकाच जातीचा हव्यास चुकला. आपल्या शाळेच्या आवारात रोप लावताना हे लक्षात असू द्या. बाभूळ, लिंब आणि साग आपल्या उन्हाशी जुळवून घेऊनच वाढले आहेत.

करून पाहा

१. खोक्याची फळी, साग आणि बाभूळ यांचे प्रत्येकी २० × १० × २ सेंटिमीटरचे वाळलेले तुकडे सुताराकडून कापून घ्या. प्रत्येकाचे घनफळ ४०० घनसेंटिमीटर होईल. किराणा दुकानातील काट्यावर वजन करा. स्प्रूस १७० ग्रॅमच्या, साग २६० ग्रॅमच्या आणि बाभूळ ३२० ग्रॅमच्या आसपास भरावयास हवे. फळीचे वजन २०० ग्रॅमच्या पुढे गेले आणि लाकडाला राळेचा उग्र वास आला, तर ती बहुधा पाइनची असेल.

२. फळीच्या टोकाला बारीक काचकागद घासून भिंगातून वलये मोजा. एक सेंटिमीटरमध्ये किती वर्षे मावली?

३. एका लांब फळीच्या टोकाला कान लावा. मित्राला दुसऱ्या टोकावर टाचणीने हळूच खरवडावयास सांगा. मग फळी बाजूला करून तेवढ्याच अंतरावरून ऐका.

शिक्षकांनी पहिल्या प्रयोगात तिन्ही तुकड्यांवर नखाने दाबूनही दाखवावे, म्हणजे घनता आणि कठीणपणा यांचा फरक मुलांच्या हातालाच कळेल.

आता पुन्हा त्या दुकानापाशी जा. सुतारकाका म्हणतील, “देवदारी आहे, दम नाही.” त्यांचे म्हणणे नांगराच्या आणि दाराच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. तुम्ही मात्र फळी हातात घ्या, तिची वलये त्यांना दाखवा आणि विचारा : “काका, पण काम कोणते?” लाकूड चांगले की वाईट, याचे उत्तर त्या प्रश्नानंतरच देता येते.